मुंबईकर बर्फावर चालायला कुठे शिकला?

१/९
मुंबईत बर्फ पडत नाही. तरीही गिरगाव, दादर, परळ, लालबागमधून रजा साठवून हिमालयात जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. समुद्रकाठी वाढलेल्या या माणसांना बर्फावर पाऊल टाकायला कोणी शिकवले? त्या शिक्षणाचा हा छोटा इतिहास.

२/९
त्यांची पहिली शाळा म्हणजे सह्याद्री. दादरहून धीम्या लोकलने मुंब्र्याला उतरले की समोर कातळ उभा असतो. ‘गिरिविहार’सारख्या मुंबईच्या संस्थांनी तिथे प्रस्तरारोहणाचे वर्ग चालवले. भेगेत बोटे रुतवणे, दोर सांभाळणे, सहकाऱ्यावर विसंबणे हे सारे याच काळ्या दगडाने शिकवले.

३/९
परंतु कातळ शब्दाला जागतो. सकाळी दिलेला आधार तो दुपारी काढून घेत नाही. बर्फाचे तसे नाही. पहाटे टणक असलेला उतार उन्हे चढताच भुसभुशीत होतो. म्हणूनच हिमारोहक अंधारात निघतो आणि ऊन तापण्याआधी परततो. हे ज्ञान मुंब्र्यात मिळणे शक्य नव्हते.

४/९
ते घडले आल्प्समध्ये. एकोणिसाव्या शतकात तिथल्या वाटाड्यांची लांब काठी आणि पायऱ्या खोदण्याची कुऱ्हाड एकत्र येऊन ‘आइस अ‍ॅक्स’ जन्मली. १९०८ च्या सुमारास ऑस्कर एकेनस्टाइन यांनी बुटाखाली बांधायच्या दहा दातांच्या क्रॅम्पॉनची रचना केली. इटलीतील ग्रिव्हेल या लोहारांनी ते घडवले.

५/९
हिंदुस्थानात ही विद्या दीर्घकाळ ब्रिटिश अधिकारी आणि त्यांच्यासोबत जाणारे शेर्पा यांच्यापुरतीच राहिली. १९२८ साली ‘हिमालयन क्लब’ स्थापन झाला. त्याचे केंद्र पुढे मुंबईत आले. पण सामान्य नोकरदाराला हाताला धरून शिकवणारी शाळा अजून नव्हती.

६/९
२९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला ‘हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट’ उभी राहिली आणि तेनसिंग तिथे शिक्षक झाले. १९६१ मध्ये मनालीला, १९६५ मध्ये उत्तरकाशीला अशाच संस्था निघाल्या. आता मुंबईच्या कारकुनालाही रीतसर अर्ज करून ही विद्या शिकता येऊ लागली.

७/९
बर्फावरच्या पहिल्या दिवशी शिखराचे नाव नसते. बुटाच्या टोकाने ठोकर मारून पायरी करायची. कुऱ्हाड चढाच्या बाजूच्या हातात धरायची. मग मुद्दाम घसरायचे! घसरताच पोटावर वळून कुऱ्हाडीचे टोक खांद्याजवळ बर्फात रुतवायचे आणि अंगाचा भार त्यावर टाकायचा. क्रॅम्पॉन घातले असतील तर पाय वर उचलायचे. दात अडकले तर माणूस कोलांटी खातो. हे सारे काही क्षणांत व्हायला हवे, कारण वेग वाढल्यावर कुऱ्हाड हातात राहत नाही. म्हणून हाच धडा पुन्हा पुन्हा गिरवायचा.

८/९
तंत्र आले म्हणून पर्वत अंकित होत नाही. १९५८ च्या चो ओयू मोहिमेचे नेते होते मुंबईचे केकी बुनशाह. पासांग दावा लामा आणि सोनम ग्यात्सो शिखरावर पोहोचले, परंतु मोहिमेतच आजारी पडून मेजर नंदू जयाल यांचे निधन झाले. दार्जिलिंगच्या संस्थेचे ते पहिले प्राचार्य. दुसऱ्यांना शिकवणारा माणूसच पर्वताने नेला.

९/९
चाळीस वर्षांनी, १९९८ मध्ये, मुंबईच्या हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. हा मान मिळवणारे ते महाराष्ट्रातील पहिले. आज एका दिवसाच्या सहलीतही भाड्याचे बूट चढवून बर्फावर जाता येते. एवढ्या वेळात कोणी गिर्यारोहक होत नाही. पण पडल्यावर थांबायचे कसे, एवढे तरी त्या दिवशी शिकून घ्यावे. चढण्याचे धडे त्यानंतरचे.