शेर, किलो आणि छापील किंमत

कोणत्याही गांवाचा इतिहास जितका रणांगणावर सांपडतो, तितकाच तो वाण्याच्या दुकानांतही सांपडतो. जालना जिल्ह्यांतील असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं झालेली लढाई शाळेंतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु याच प्रांतांतील गृहिणी मीठमिरची कोणत्या मापानें आणि कोणत्या नाण्यांत घेत असे, हें क्वचितच कोणी विचारतो.

‘जालना सोनेका पालना’ ही म्हण कुंडलिकेच्या कांठच्या या पेठेचें जुनें वैभव सांगते. १८२७ सालीं येथें फौजेची छावणी वसली. ती १९०३ सालीं उठली. तत्पूर्वींच, १९०० सालीं, मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला होता. कापसाचे गठ्ठे बाहेर जाऊं लागले आणि बाहेरचा माल पेठेंत येऊं लागला.

त्या काळच्या दुकानाची रचना ठराविक असे. माल दुकानदाराच्या पाठीशीं पोत्यांत व डब्यांत, ग्राहक ओट्यावर, आणि मध्यें तराजू. धान्य मापानें घेत : दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणे. मापावर शीग किती चढवावयाची, हें सर्वस्वीं त्याच्या हातीं असे. घासाघीस होई, सौदा आटोपला म्हणजे सोबतच्या मुलाच्या हातावर गुळाचा खडा पडे.

नाण्याचा प्रश्न याहून बिकट होता. निजामाच्या राज्यांत हाली सिक्का चाले. सात हाली रुपयांना सहा कलदार रुपये, असा हिशेब असे. शेजारच्या वऱ्हाडांत कलदार चालत असल्यामुळें सोयऱ्याकडे जातांना हा भागाकार प्रत्येकास करावा लागे. सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत आलें. पुढें हाली सिक्का व्यवहारांतून गेला. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ च्या ऑक्टोबरांत देशाच्या कांहीं भागांत किलोग्रॅम आला आणि १९६२ पर्यंत त्यानें शेराला सर्वत्र हटविलें. शेर ऐंशी तोळ्यांचा, तर किलो सुमारें शहायशीं तोळ्यांचा.

म्हणजे पंधरा वर्षांच्या आंत एकाच गृहिणीस रुपया, आणा आणि शेर या तिन्हींचा निरोप घ्यावा लागला. ज्या स्त्रीला अक्षरओळख नव्हती तिला आधार वाण्याच्या शब्दाचाच होता. फसवणुकीला वावही तेथेंच होता.

निवड करण्याची चैन मात्र पुष्कळांना नव्हतीच. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यानें शिधावाटपाच्या दुकानापुढें रांगा लावून परदेशी तांबडी ‘मिलो’ ज्वारी घेतली व तीवर दिवस काढले.

याच शतकांत जगाच्या दुसऱ्या टोंकास दुकानाचें रूप पालटत होतें. अमेरिकेंतील मेम्फिस शहरांत १९१६ सालीं क्लॅरेन्स साँडर्स यानें ‘पिग्ली विग्ली’ हें दुकान उघडलें. तेथें ग्राहक स्वतः फळीवरचा माल घेई आणि बाहेर पडतांना पैसे देई. आपल्याकडे या विचाराला सहकाराची जोड मिळाली. मुंबईंत नायगांवच्या कामगारवस्तींत १९४८ सालीं ‘अपना बाजार’चा आरंभ झाला, १९६६ सालीं, रुपयाच्या अवमूल्यनानंतर भावांना आळा घालण्यासाठीं, दिल्लींत ‘सुपर बाजार’ निघाला. पुढें १९७७ च्या नियमांनीं बांधीव मालावर वजन, किंमत व बांधणीचा महिना छापणें आवश्यक केलें. या छापील अक्षरांवांचून आजचें सुपरमार्केट उभेंच राहिलें नसतें.

आतां जिल्ह्याच्या गांवींही अशीं दुकानें निघालीं आहेत. ज्या गृहिणीच्या आजीनें ओट्यावर उभें राहून ‘अमुक दाखवा’ अशी विनंति केली, ती आज फळ्यांमधून स्वतः फिरते, डाळीच्या दोन पुड्या हातांत घेऊन पारखते आणि नको ती परत ठेवते. तिला कोणी टोकत नाहीं. ही लहान गोष्ट नव्हे.

पण कोरडवाहू मुलखांत कापसाचा पैसा वर्षांतून एकदांच येतो. तो येईपर्यंत घर चालत असे तें वाण्याच्या वहींतील उधारीवर. त्या वहीनें कित्येकांना व्याजांत बुडविलें हें खरें. परंतु कित्येकांची चूलही तिनेंच पेटती ठेविली. सुपरमार्केटच्या यंत्राला घराची अडचण सांगतां येत नाहीं. म्हणून कोपऱ्यावरचा वाणी अद्याप टिकून आहे, आणि रोख पैसा असला कीं एकीकडे, नसला कीं दुसरीकडे, असा संसार पुष्कळ घरें करतात.

पूर्वीं दांडीकडे डोळा ठेवावा लागे. आतां पुडीवरील बारीक अक्षरांकडे ठेवावा लागतो. तराजू दुकानदाराच्या हातून सुटून ग्राहकाच्या हातीं आला आहे. ज्याला वाचतां येतें, त्यालाच तो तोलतां येईल.