हिंगण्याची झोपडी: एका स्थळाच्या साधनांचा विचार

हिंगणे हें नांव ऐकतांच आमच्या वाचकांस दिल्ली दरबारांतील पेशव्यांच्या वकिलांचें घराणें आठवेल. प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र मुठेच्या डाव्या तीरावरील हिंगणें बुद्रुक हें गांव होय. यासच सांप्रत कर्वेनगर म्हणतात. पैलतीरावरील हिंगणें खुर्द निराळें.

धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला. पुणें शहरांत प्लेगाचा उपद्रव असल्यामुळें १९०० सालीं तो हिंगण्यास हलविण्यांत आला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं सहा एकर जमीन व ७५० रुपये दिले आणि माळावर झोपडी उभी राहिली. कर्वे तेव्हां फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत व तेथून पायीं आश्रमांत जात. पुढें १९१६ सालीं महिला विद्यापीठाचा आरंभही हिंगण्यासच झाला. ती झोपडी संस्थेनें अद्याप जतन केली आहे.

एवढें वृत्त सर्वश्रुत आहे, व त्यास आधार म्हणून कर्व्यांचें 'आत्मवृत्त' दाखविलें जातें. परंतु एकाच साक्षीवर निर्णय देणें इतिहासशास्त्रास संमत नाहीं. येथें आणखी दोन साक्षी उपलब्ध आहेत, आणि त्या दोघी सख्ख्या बहिणी होत. पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' १९२८ सालीं निघाली. संतचरित्रांचे भाषांतरकार जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९३० सालीं ती इंग्रजींत नेली. आश्रमासाठीं वर्गणी जमविणाऱ्या या बाई थेट अमेरिकेपर्यंत गेल्या होत्या. दुसरी साक्ष आनंदीबाई कर्वे यांच्या 'माझे पुराण' (१९४४) या ग्रंथाची.

आनंदीबाई या पूर्वीच्या गोदूबाई. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढिलें, त्यांतील त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. कर्व्यांशीं त्यांचा पुनर्विवाह १८९३ सालीं झाला. तेव्हां झोपडीची हकीकत १९०० पासून सांगणें अपुरें होय. ती अकरा वर्षें मागें, शिकावयास निघालेल्या एका विधवेपासून, आरंभिली पाहिजे, असें आमचें मत आहे.

गोदूबाई, आनंदीबाई व बाया हीं एकाच व्यक्तीचीं नांवें. यादींत त्यांतील एकच नोंदल्यास उरलेल्या नांवांचे कागद निनांवी ठरतात, आणि पुनर्विवाहापूर्वीचें आयुष्य अदृश्य होतें. जुन्या पेट्या उघडल्या म्हणजे मोडी रुमाल आपण आदरानें उचलतों. बायकांच्या हातचीं बाळबोध पत्रें, हिशेबाच्या वह्या व वर्गणीच्या पावत्या मात्र रद्दींत जातात. हा दोष आमच्याही हातून घडला आहे.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, असे कागद मिळाल्यास टाकूं नयेत. लिहिणारीचें माहेरचें, सासरचें व पुनर्विवाहानंतरचें, अशीं सर्व नांवें यादींत द्यावीं. झोपडी राखली गेली. तींत वावरलेल्यांचे कागद राखणें आपल्याकडे आहे. इत्यलम्.