‘रेनेसान्स’ : एका वाद्यवृंदाचे दोन जन्म

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाअखेर इंग्लंडमधील काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या रॉक गीताची चौकट अपुरी वाटू लागली. त्यांनी युरोपीय अभिजात संगीताकडे मोर्चा वळविला आणि त्यातून ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हा प्रवाह आकाराला आला. ‘रेनेसान्स’ या वृंदाचा इतिहास या प्रवाहातील एक वेधक प्रकरण आहे. कारण कलासंस्थेचे सातत्य नेमके कशात असते, हा प्रश्न तो उपस्थित करतो.

‘यार्डबर्ड्‌स’ हा गाजलेला वृंद १९६८ मध्ये मोडल्यानंतर त्यातील कीथ रेल्फ आणि जिम मॅकार्टी यांनी १९६९ मध्ये ‘रेनेसान्स’ची स्थापना केली. कीथची बहीण जेन, पियानोवादक जॉन हॉकन आणि बासवादक लुई सेनामो हे त्यांचे सहकारी होते. विजेच्या गिटारचा गोंगाट मागे सारून पियानोला अग्रस्थान देणे, हे या वृंदाचे वैशिष्ट्य पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत दिसून येते. परंतु अल्पावधीतच संस्थापक एकेक करून बाहेर पडले. १९७१ मध्ये अ‍ॅनी हॅसलम ही गायिका दाखल झाली आणि १९७२ मध्ये ‘प्रोलॉग’ प्रसिद्ध झाली, तेव्हा मूळ पाचांपैकी एकही कलावंत वादनात उरलेला नव्हता.

दोन्ही पर्वांना जोडणारा एक धागा मात्र शाबूत होता, आणि तो शब्दांचा होता. जेनची मैत्रीण असलेली कवयित्री बेटी थॅचर पहिल्या पर्वाच्या अखेरीस या वृंदासाठी लिहू लागली. ती कॉर्नवॉलमध्ये राहत असे. संगीतकार मायकेल डनफर्ड यांच्या चाली टपालाने तिच्याकडे जात आणि तिचे शब्द टपालानेच परत येत. रंगमंचावर कधीही न दिसलेल्या या कवयित्रीने वृंदाला त्याची भाषा दिली. अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांना १९७४ मध्ये सोव्हिएत संघातून हद्दपार करण्यात आले. त्याच वर्षीच्या ‘मदर रशिया’ या गीतामागे त्यांच्याच साहित्याची प्रेरणा होती.

अभिजात संगीताचे ऋण या वृंदाने उघडपणे घेतले. ‘अ‍ॅट द हार्बर’मध्ये देब्युसीची पियानोरचना, तर ‘रनिंग हार्ड’मध्ये झां अलँ यांची ऑर्गनरचना ओळखू येते. ही उसनवारी आहे, असा आक्षेप घेता येतो. काही ठिकाणी तो खराही आहे. मात्र १९७५ च्या ‘शेहेराझाद अँड अदर स्टोरीज’मध्ये हे ऋण पचविले गेलेले दिसते. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी १८८८ मध्ये ज्या कथाविश्वाला वाद्यरूप दिले, त्यावरच येथे वीस मिनिटांहून दीर्घ अशी नवी रचना बांधलेली आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे मराठी वाचकाला हे कथाविश्व परिचित आहे. मृत्यूला गोष्टीने थोपवून धरणारी ती कथनकर्ती येथे हॅसलमच्या उंच, निर्मळ स्वरातून बोलते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाद्यवृंदाच्या साथीने वृंदाचे कार्यक्रम झाले.

कीर्ती वाढत असतानाच संस्थापकांची शोकांतिका घडली. मे १९७६ मध्ये कीथ रेल्फ यांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. उरलेले मूळ सदस्य पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्यांचेच नाव इतरांचे झालेले होते. त्यांना ‘इल्युजन’ या नावाने गावे लागले. आपल्या निर्मितीवरील निर्मात्यांचा हक्क किती काळ टिकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९७८ मध्ये ‘नॉर्दर्न लाइट्स’ हे गीत ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत पोचले. परंतु तोवर पंक संगीताने अभिरुचीच पालटली होती. नवव्या दशकात वृंदाने लहान, सोप्या गीतांचा मार्ग धरला. त्यात स्वतःचा रंग हरपला आणि १९८७ मध्ये वृंद विसर्जित झाला. पुढे २००९ मध्ये डनफर्ड आणि हॅसलम यांनी त्याला पुन्हा उभे केले. थॅचर यांचे २०११ मध्ये, तर डनफर्ड यांचे २०१२ मध्ये निधन झाले.

माणसे बदलली, नावाची मालकी बदलली. तरीही १९७२ ते १९७८ या काळातील गीते एका मनाची निर्मिती वाटतात. ते मन कोणा एकाचे नव्हते. दूर राहणाऱ्या एका कवयित्रीचे शब्द, एका संगीतकाराच्या चाली आणि एका गायिकेचा स्वर यांच्या मेळातून ते घडले होते. ‘रेनेसान्स’चे सातत्य शोधायचे, ते या मेळातच.