१५ मे १६१८ : ग्रहांचा हिशेब जुळला

ऑस्ट्रियातील लिंझ येथे खगोलशास्त्रज्ञ योहान्स केप्लर यांना ग्रहगतीचा तिसरा नियम आजच्या दिवशी गवसला. खरे तर तो ८ मार्चलाच सुचला होता. पण आकडेमोड चुकली आणि त्यांनी तो टाकून दिला! नियम असा : ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरूचे अंतर पृथ्वीच्या ५.२ पट, त्याचा घन सुमारे १४१, प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची, तिचा वर्गही तितकाच. असे का, हे १६८७ मध्ये न्यूटन यांच्या गुरुत्वाकर्षणाने उलगडले.

आजच्या तारखेला आकाशातला आणखी एक हिशेब जुळतो. पृथ्वीचा आस कललेला असल्याने नवी मुंबईत याच सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो. वाशी-नेरूळकरांनो, आज दुपारी १२.३५ च्या आसपास गच्चीवर सरळ काठी उभी करून सावली शोधा.