खेळपट्टी राखणारा हात

ढोकीच्या मैदानावर सामना असला म्हणजे सकाळी कोणीतरी एकटाच येऊन खेळपट्टीवर पाणी मारतो, चुन्याच्या रेषा ओढतो. दुपारी तोच गडी गोलंदाजीही करतो. सायंकाळी विजयाचा गुलाल उधळला जातो, पण सकाळच्या त्या श्रमांची आठवण कोणी काढीत नाही. असे श्रम करीतच ज्यांनी क्रिकेटमध्ये कीर्ती मिळविली, ते आपल्या चर्मकार समाजाचे भूषण कै. पालवणकर बाळू. त्यांचे स्मरण या स्मरणिकेत करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील लष्करात शिपाई होते. मिळकत बेताची असल्यामुळे बाळूंनी लहान वयातच पुण्यास पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात दरमहा ३ रुपयांवर मैदानाची चाकरी धरली. पुढे १८९२ मध्ये गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात त्यांस ४ रुपये मिळू लागले. रूळ फिरवावा, खेळपट्टी आखावी, सरावासाठी जाळ्या उभाराव्यात, हे त्यांचे काम. तेथील नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग यांस सरावासाठी ते तासन्‌तास चेंडू टाकीत. त्या परिश्रमांतून डावखुरी फिरकी गोलंदाजी घडली. मात्र सरावातदेखील बॅट त्यांच्या हाती कोणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांस सामने जिंकण्यासाठी बोलाविले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांस चाले. परंतु चहाच्या वेळी इतरांस कपबशी व बाळूंस तंबूबाहेर मातीचे भांडे! हे वाचताना आमचे शाळकरी दिवस आठवतात. एका परगावी आमच्या चेंडूवर शेवटचा गडी बाद झाला, संघातील सर्वांनी आम्हांस मिठ्या मारल्या. आणि थोड्याच वेळाने घागरीपाशी पाणी मात्र आमच्या ओंजळीत वरून ओतले गेले. त्या पाण्याची चव आम्ही अद्यापि विसरलो नाही.

१८९६ मध्ये बाळू मुंबईस गेले व परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, तेव्हा बाळू व त्यांचे बंधू शिवराम दोघेही संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली विलायतेस गेलेल्या संघाची कामगिरी फिकी ठरली. तथापि एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी मिळविले.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस लाभले नाही. १९१३ मध्ये नेमलेले कर्णधार पै यांनी स्वतःच बोलून दाखविले की, हा मान बाळूंचा होता. १९२० मध्ये बाळूंस वगळण्यात आले व बंधू विठ्ठल यांस कर्णधारपद नाकारण्यात आले, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघ सोडला. लोकमताच्या दडपणाने अंतिम सामन्यापूर्वी तिघांस सन्मानाने परत बोलाविण्यात आले. बाळू उपकर्णधार झाले, आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेल्याने संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले व त्यांच्या संघाने अजिंक्यपद मिळविले.

बाळूंच्या चरित्रातील एक प्रकरण आपल्या सभांतून टाळले जाते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली. मतदारांनी योग्य निवड केली, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु एका पराभवापायी खेळपट्टीवरील तीस वर्षांच्या तपश्चर्येवर पडदा टाकणे न्यायाचे नव्हे. पूर्वजांचे गुण तेवढे सांगणे ही स्तुती होय. सर्व काही सांगणे हा इतिहास.

४ जुलै १९५५ रोजी बाळूंनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांचे स्मारक कोठे उभारावे, असा प्रश्न तरुण मंडळी आम्हांस विचारतात. आमचे उत्तर साधे आहे. आपल्या मैदानावर जो खेळपट्टी राखतो त्याचे नाव पंधरा नावांच्या यादीत अग्रभागी लिहावे, आणि सामना संपल्यावर सर्वांनी त्याच्यासह एकाच घागरीचे पाणी प्यावे.