फिरत्या गोळ्याची वाकडी वाट

श्रोतेहो, चेंडू फेकताना बोटांनी त्याला चांगली गिरकी दिली, तर तो हवेतच एका अंगाला कलतो. गावच्या मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असते. टप्पा पडल्यावर चेंडू वळतो, त्याचे कारण जमीन. पण टप्पा पडण्याआधी, अधांतरीच तो वळतो, त्याचे काय? हा प्रश्न साधा दिसतो खरा. पण त्याची तड लागायला युरोपातल्या विद्वानांना पावणेदोनशे वर्षे लागली. त्यांतली शंभर वर्षे, खरे उत्तर पुढे मांडलेले असतानाही, गेली. ती हकिगत आज सांगायची आहे.

पहिली नोंद आयझॅक न्यूटनची. १६७२ साली प्रकाशावर लिहिलेल्या एका पत्रात त्याने ओघात सांगितले की, तिरक्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वक्र रेषेत जातो. चेंडू पुढेही जातो आणि स्वतःभोवतीही फिरतो. ज्या बाजूला या दोन्ही गती एकाच दिशेने मिळतात, तिथे हवेचा विरोध जास्त, म्हणून चेंडू दुसऱ्या बाजूला ढकलला जातो, असा त्याचा तर्क होता. एवढे सांगून न्यूटन पुन्हा प्रकाशाकडे वळला.

प्रश्न पुन्हा निघाला तो रणांगणावर. त्या काळी बहुतेक बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे आणि शिशाची गोळी तिच्यात सैल बसे. नेम तोच, दारू तेवढीच. पण एक गोळी डावीकडे जाई, तर दुसरी उजवीकडे. असे का व्हावे? इंग्लंडातल्या बेंजामिन रॉबिन्सने याचा छडा लावला. हा बाथ गावच्या एका गरीब शिंप्याचा मुलगा; गणित त्याने बरेचसे आपल्या आपणच शिकून घेतलेले. १७४२ साली तोफविद्येवरच्या आपल्या ग्रंथात त्याने सांगितले की, गोळी नळीच्या आतल्या अंगाला घासते, त्यामुळे तिला गिरकी मिळते, आणि फिरत्या गोळीला हवा बाजूला ढकलते.

आता पाहा काय झाले. १७४५ साली बर्लिनमध्ये लिओनार्ड ऑयलरने या ग्रंथाचा जर्मन अनुवाद केला आणि त्यावर विस्तृत टीपा लिहिल्या. ऑयलर म्हणजे त्या शतकातला गणिताचा महामेरू! रॉबिन्सचे बरेचसे काम त्याला मोलाचे वाटले; पण ही गिरकीची गोष्ट काही त्याला पटली नाही. गोळी पुरती वाटोळी नसते, म्हणून ती वाकडी जाते, असे त्याने ठरवून टाकले.

रॉबिन्सने युक्तिवादात वेळ न घालवता प्रयोग केला. त्याने एका बंदुकीच्या नळीचे तोंड थोडेसे डावीकडे वाकवले. आता गोळी नळीच्या उजव्या अंगाला घासत जाणार, हे उघड होते. समोर पातळ कागदाचे पडदे ओळीने टांगले आणि बार काढला. तोंड डावीकडे, म्हणून पहिल्या पडद्यांवरची भोके डावीकडे पडली. पण पुढे पुढे ती उजवीकडे सरकत गेली! नुसत्या ओबडधोबड गोळीने अशी नेमकी बाजू कशी बरे निवडली असती? हवेच्या विरोधावरील त्याच्या प्रयोगांसाठी १७४६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ले पदक दिले. पण ऑयलरच्या नावाचा दबदबाच मोठा. रॉबिन्सचा हा शोध मागे पडला तो पडलाच.

या रॉबिन्सचा शेवट आपल्या देशात झाला, हे फारसे कुणाला माहीत नसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची व्यवस्था लावण्यासाठी तो १७५० साली हिंदुस्थानात आला आणि १७५१ च्या जुलैत, तामिळनाडूतल्या कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड किल्ल्यात तापाने वारला. वय अवघे ४४.

पुढे शंभर वर्षांनी, त्याच बर्लिनमध्ये, प्राध्यापक गुस्ताव मॅग्नसने एक पितळी नळकांडे गरगर फिरवून त्याच्यावर पंख्याने हवा सोडली. नळकांडे एका बाजूला सरकताना स्पष्ट दिसले. हे १८५२ साल. तेव्हापासून जग याला ‘मॅग्नस परिणाम’ म्हणते. रॉबिन्सचे नाव काही थोडी पुस्तके जोडतात.

यामागचे मर्म असे. गोळ्याच्या पृष्ठभागालगतची हवा गोळ्याबरोबर ओढली जाते. हा हवेचा पातळ थर कसा वागतो, ते १९०४ साली लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने उलगडून दाखवले. गोळा फिरत असला की मागे सुटणारी हवा सरळ न जाता एका बाजूला वळते. गोळ्याने हवेला डावीकडे ढकलले, की हवा गोळ्याला उजवीकडे ढकलते.

याच बळावर आंटोन फ्लेटनर याने १९२४ साली ‘बुकाऊ’ नावाच्या जहाजावर शिडांऐवजी सुमारे १५ मीटर उंचीचे दोन फिरते खांब उभारले. ते जहाज १९२६ साली अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचले. इंधन स्वस्त होते तोवर या खांबांना कुणी विचारले नाही. पण २०१० साली ‘ई-शिप १’ हे मालवाहू जहाज असे चार खांब घेऊन निघाले, आणि इंधन वाचवण्यासाठी आता आणखी काही जहाजांवर ते बसू लागले आहेत.

शिक्षकबंधूंनो, हा प्रयोग शाळेत पैशाविना होतो. वहीच्या एका कागदाची वीतभर लांब, चार बोटे रुंद अशी हलकी नळी करा. टेबलाच्या कडेशी फळी तिरपी ठेवा आणि तिच्यावरून नळी घरंगळत सोडा. दगड असता तर टेबलापासून लांब पडला असता. ही नळी मात्र गिरक्या घेत, उलट टेबलाखाली वळेल. पण सोडण्याआधी मुलांना विचारा, कुठे पडेल ते. प्रत्येकाला आपले उत्तर फळ्यावर लिहू द्या. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाचे उत्तरही त्यांतच एक. मग नळी सोडा.