लंबकाचं घड्याळ आणि शेंद्र्याची दुपार

शेंद्र्यात जोहरच्या नमाजची वेळ वर्षभर सरकत राहते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य 12.12च्या सुमारास मध्यान्हीला येतो, फेब्रुवारीच्या मध्यात 12.42ला. एमआयडीसीतल्या जेवणाच्या सुट्टीची वेळ मात्र हलत नाही. घड्याळाची आणि सूर्याची ही फारकत उंच लंबकाच्या घड्याळानं उघड केली.

हायगेन्सनं 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ रचलं. त्याआधीची घड्याळं दिवसाला पाव तास चुकत. ती चूक काही सेकंदांवर आली. 1670च्या सुमारास इंग्लंडमध्ये नांगराच्या आकाराचा अडसर वापरात आला आणि लंबकाचा झोका आखूड झाला. एका झोक्याला 1 सेकंद घेणारा, सुमारे 1 मीटर लांबीचा लंबक आता अरुंद पेटीत मावू लागला. पेटीची उंची डौलासाठी नव्हती. लंबकाला आणि हळूहळू खाली उतरणाऱ्या वजनांना तेवढी जागा लागे. आठवड्यातून एकदा चावी दिली की वजनं पुन्हा वर. ‘ग्रँडफादर क्लॉक’ हे नाव तर 1876च्या एका अमेरिकन गाण्यामुळे रूढ झालं.

पण हे घड्याळ लावायचं कशावरून? सूर्यावरूनच. धूपघडी पाहायची, तक्त्यातून त्या दिवसाचा फरक काढायचा आणि काटे जुळवायचे. मशिदींना ही विद्या जुनीच होती. दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित, म्हणजे नमाजच्या वेळा ठरवणारे, इब्न अल-शातिर यांनी 1371 मध्येच मोठी धूपघडी बसवली होती.

रेल्वे आणि तारायंत्र आल्यावर गावोगावची वेळ अडचणीची ठरली. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईत काटे 39 मिनिटं पुढे गेले. गिरणी कामगारांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता: भोंगा तोच, पण कामावर अंधारात निघायचं.

प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्ताची. शेंद्र्याचा सूर्य तिच्या सुमारे 28 मिनिटं मागे चालतो. त्यामुळे 12ला सुट्टी होऊन साडेबाराला संपत असेल, तर फेब्रुवारीत कामगाराला त्या सुट्टीत जोहर पढताच येत नाही. वेळच झालेली नसते. सुट्टी अर्धा तास उशिरा ठेवली, तर कारखान्याचं एक मिनिटही वाया जात नाही. सुट्टीची वेळ माणसांनी ठरवलेली आहे, ती माणसांना बदलता येते.